हिरव्याचा बेंदूर

जीप दारात उभी राहिली त्या दिवशी आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. टायरांवर मुठी आपटून बघितल्या. मग बाजारात बैलाचा जबडा उघडून दात बघतात तसं त्यांनी लेकाला, आकारामला, बॉनेट उघडायला लावलं. आत बराच वेळ डोकावून ते म्हणाले, "दात जुळल्यात. वय झालंय, पर हाडापेरानं दांडगा हाय."

मिलिटरीतून निघालेली जुनी गाडी होती. रंग हिरवा, म्हणून आबांनी तिचं नाव ठेवलं हिरव्या. गाडीला बाईमाणसाचं नाव का नाही, असं सून शेवंताबाई हसत म्हणाली, तर आबा म्हणाले, "वजं वढनाऱ्याला बैलाचंच नाव लागतं पोरी."

वजं वढनारा खरा बैल घरात उरला नव्हता. हौश्या आणि पाखऱ्या अशी जोडी होती. मागच्या हंगामात म्हसोबाच्या खिंडीत भरली गाडी मागं सरली, पाखऱ्या जुवाखाली मुरगळला, तो पुन्हा उठला नाही. जोडी फुटली की एकटा बैल म्हणजे दावणीचं शोभेचं जनावर. आकारामनं हौश्या पलीकडच्या वाडीच्या हंबीररावाला देऊन टाकला. त्या दिवशी आबा जेवले नाहीत आणि का जेवले नाहीत ते कुणी विचारलं नाही.

वाडीतून बिद्रीच्या साखर कारखान्याला जायचं तर खिंड चुकत नाही. ऊस काय, बाळंतीण काय, सगळं त्याच चढणीनं जायचं. म्हणून आकारामनं चारी चाकांनी ओढणारी जीप बघितली आणि मागं जोडायला लोहाराकडून दोन चाकांची ट्रॉली करून घेतली. कोल्हापुरातून बंडू मिस्त्री गाडी पोचवायला आला होता. माणूस तोंडाळ, पण हाताला गुण होता. चहा पिता पिता त्यानं आकारामला धडा दिला.

"हे बग पावनं, गाडी वढतीया म्हनून तिला मारायचं न्हाय. खिंडीच्या बुडाला ह्यो धाकटा दांडा वढायचा, चारी चाकं लावायची. लो गेर टाकायचा, आन् मग माथ्यापातूर बदलायचा न्हाय. क्लचवर पाय ठिवून खेळवत बसायचं न्हाय. माथ्यावर गेलं की इंजिन चालू ठिवून दम खाऊ द्यायचा. गेरबॉक्सला हात लावून बगायचा. हात ठरला तर म्होरं चला, भाजला तर बसा बिड्या वढत."

"आन् लईच तापलं तर? पानी मारायचं?" आकारामनं विचारलं.

"मारा की! तडकून दोन तुकडं व्हत्याल, येक तुला, येक मला."

आबा उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांची मान हलत होती. दम खाऊ द्यायचा, मारायचं नाही, तापल्या अंगावर पाणी ओतायचं नाही. हे सगळं त्यांना साठ वर्षं पाठ होतं.

"म्हंजी बैलच की ह्यो!" ते म्हणाले.

"बैलच म्हाताऱ्या," मिस्त्री हसला. गाडीखाली सरकून त्यानं दोन बोल्ट दाखवले. "सुगीच्या आदी ह्यो खालचा सोडून पोटातलं जुनं त्याल काढायचं आन् ह्या बाजूच्यानं नवं पाजायचं. झालं. वरीसभर बगायला नगं."

आकाराम तेव्हा ट्रॉलीचा आकडा न्याहाळत होता. आबा मात्र गुडघे टेकून गाडीखाली वाकून बघत राहिले.

पाऊस लागला. जीप गोठ्यात गेली, हौश्याच्या जागी. गोठ्यात पुन्हा कुणीतरी उभं आहे याचंच आबांना बरं वाटत असावं. सकाळी उठून ते तिथं जायचे, बॉनेटवरची धूळ पटक्याच्या शेवानं पुसायचे. कोंबड्या सीटवर बसल्या तर शिव्या घालायचे.

मग बेंदूर आला, बैलांचा सण. गावात सकाळपासून बैल धुवायची गर्दी. ओढ्याला शिंगं घासणं, तांबडा हिंगूळ लावणं, झुली, घुंगरं. आकारामला वाटलं होतं, यंदा म्हातारा दिवसभर तोंड फिरवून झोपेल. पण आबा पहाटेच उठले. चुलीपाशी येऊन शेवंताबाईला म्हणाले, "पोरी, नळकांडं कुटं हाय?"

नळकांडं म्हणजे तिरक्या तोंडाचा कळकाचा तुकडा. बैलाची मान वर धरून त्यातनं बेंदराला करडईचं तेल, हळद आणि फोडलेली अंडी पाजतात. वर्षभर ओढून खंगलेल्या जनावराच्या अंगात त्यानं ताकद भरते.

"आबा, बैल कुटं हाय?" शेवंताबाई हळूच म्हणाली.

"हिरव्या न्हाय व्हय?"

म्हातारा माणूस, एका दिवसाचा खेळ, म्हणून तिनं बरणीतलं तेल ओतून दिलं, कोंबडीखालची अंडी दिली, चिमूटभर नको म्हणून मूठभर हळद दिली. म्हातारा चाकाला लावेल, बॉनेटवर ओघळ सोडेल, असं तिला वाटलं. ती पोळ्या लाटायला बसली.

आकाराम दुपारी गोठ्यात गेला तर जीपच्या दोन्ही दिव्यांना हिंगूळ फासलेला, बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला गोंडा. पुढच्या बंपरवर पुरणपोळी ठेवली होती. त्याला हसू आलं. आबा भिंतीला टेकून बसले होते. कोपरापर्यंत हात तेलकट झाले होते.

"झाला का बेंदूर, आबा?"

"झाला. पोट साफ केलं आदी, मग पाजलं. घान हुती रं पोटात, काळीभोर."

आकारामनं 'बरं' म्हटलं. म्हाताऱ्याच्या बोलण्याला 'बरं' म्हणायची सवय पडली की माणूस ऐकायचं सोडतो. आकारामचं तेच झालं होतं. चार दिवसांनी गाडीखाली जमिनीवर काळा डाग दिसला तेव्हा कुठं गळतंय म्हणून त्यानं बाजूचा बोल्ट सैल करून आत बोट घातलं. बोटाला तेल लागलं. तेल आहे, मग झालं. त्यानं बोल्ट आवळला आणि बोट धोतराला पुसलं.

दिवाळी गेली. कारखान्याचा भोंगा ऐकू यायला लागला. आकारामच्या ओढ्याकाठच्या उसाला तोडणीची पाळी आली. ऊस उभा आहे तोवर सोनं, तोडला की नासणारा माल. दिवसागणिक वजन उतरतं, उन्हात कांड्या चिपाडासारख्या वाजायला लागतात. आकारामचं वर्ष त्या एका फडावर होतं, आणि तोडलेला ऊस वेळेत खिंडीपार जायला हवा होता. बाकी सगळं त्याच्या मागून येणार होतं.

तोडणीला घरचीच माणसं. आकाराम आणि शेवंताबाई कोयते घेऊन फडात शिरली, पाचटानं अंग चिरलं, घामानं चिरा झोंबल्या. आबा मोळ्या बांधायला बसले. ट्रॉली भरता भरता चळत माणसाच्या वर गेली.

"लई हुतंय," शेवंताबाई म्हणाली.

"चारी चाकांची हाय," आकाराम म्हणाला. "आन् दोन खेपांचं येका खेपंत गेलं तर वाईट काय?"

खिंडीच्या बुडाशी आबा खाली उतरले. बैलगाडीच्या काळापासून चढणीला त्यांचं काम ठरलेलं. एक बेताचा धोंडा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायचं, गाडी थांबली की चाकामागं धोंडा सारायचा. आकारामनं सांगून बघितलं, आबा बसा, गाडीला ब्रेक हाय. पण धोंडा त्यांच्या हातात आला होता.

मागं हंबीररावाच्या दोन बैलगाड्या येत होत्या. आकारामनं धाकटा दांडा ओढला, लो गिअर टाकला. जीप दबा धरल्यासारखी खाली बसली आणि ओढायला लागली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. आकारामची छाती फुगली. आरशात त्याला आबांचा पटका दिसत होता, चाकाबरोबर खालीवर होणारा.

तिसऱ्या वळणाला वास आला. तळणीचा वास. आकारामला वाटलं, वर म्हसोबाला कुणाचा तरी नैवेद्य शिजतोय. पण जसजसा चढ वाढला तसा वास त्याच्या पायांखालनं यायला लागला. करपलेल्या अंड्याचा, जळत्या तेलाचा. गिअरचा दांडा हाताला चटके द्यायला लागला. गिअरच्या पेटीतून किंचाळल्यासारखा आवाज निघाला, मग दगड भरडल्यासारखा. गिअर आपोआप निसटला. दांडा मोकळा झाला आणि इंजिन नुसतंच रडत राहिलं.

आकारामनं ब्रेकवर सगळं अंग टाकलं. ट्रॉलीचं ओझं गाडीला घेऊन हळूहळू मागं सरायला लागलं.

"आबाऽ! बाजूला व्हा! बाजूलाऽ!"

आबा बाजूला झाले नाहीत. त्यांनी धोंडा सारला. चाक त्याच्यावर चढू लागलं तेव्हा उताराच्या कडेचा दुसरा मोठा धोंडा त्यांनी पोटाशी धरून उचलला, धावत आणला आणि पहिल्याच्या मागं टाकला. वर खांदा लावला ट्रॉलीला. चाक थांबलं. हंबीरराव आणि त्याचे गडी येऊन पोचेपर्यंत तो म्हातारा ट्रॉलीला खांदा लावून उभा होता. तोंड काळंनिळं पडलेलं, डोळे मिटलेले.

"सोडा आबा, चाक बसलंय," हंबीरराव म्हणाला, आणि त्यांना धरून खाली बसवलं.

एका गड्यानं धूर बघून पाण्याची घागर आणली. आबांना बोलवत नव्हतं, तरी त्यांनी हात वर केला. "तापल्या अंगावर पानी मारू नगासा रं. दम खाऊ द्या त्याला." मग आपली छाती दाबून धरून ते जीपकडं बघत बसले.

आकाराम गाडीला टेकून उभा होता. वास आता सगळ्या खिंडीत भरला होता. असा वास त्याला लहानपणापासून ओळखीचा होता, बेंदराच्या दिवशी गोठ्याला येणारा. काळा डाग, तेलकट कोपरं, 'पोट साफ केलं आदी, मग पाजलं.' एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात बसत गेली आणि तो मट्‌कन खाली बसला. राग आला, असा आला की दगड उचलून कुठंतरी मारावा. त्यानं आबांकडं बघितलं. आबा खरचटलेल्या खांद्याला माती लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडू मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन एसटीनं आला. हंबीररावाच्या गाड्या रिकाम्या परतत होत्या, त्याही थांबल्या. चढणीवर दहा-पंधरा माणसं गोळा झाली. आबांना आकारामनं घरी थांबायला सांगितलं होतं, पण ते काठी टेकत आलेच. येताना त्यांना हंबीररावाच्या गाडीला जुंपलेला हौश्या दिसला. हौश्यानं कान टवकारले, मान पुढं केली. आबा तिकडंच गेले आणि त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत उभे राहिले.

मिस्त्रीनं खालचा बोल्ट सोडला. काहीच पडलं नाही. त्यानं तार घालून उकरलं तसा पिवळा, करपलेला लगदा बाहेर आला. मिस्त्रीनं तो नाकाशी धरला. क्षणभर त्याला कळेना. मग तो गाडीखालूनच हसायला लागला.

"आरं, आमलेट! हळद घातलेलं आमलेट! कोल्हापुरात आमलेटची गाडी लावतो मी, ह्याच्यावर!"

माणसं हसली. कुणी वाकून बघितलं, कुणी थुंकलं. मिस्त्री डोळे पुशीत बाहेर आला.

"कुनाच्या डोस्क्यातनं आलं ह्ये? कुनी पाजलं?"

आकारामनं मान वळवली. थोड्या अंतरावर आबा हौश्याच्या कानात काहीतरी सांगत होते. हौश्या त्यांचा हात चाटत होता. आबांना इकडचं ऐकू येत नव्हतं.

"मी," आकाराम म्हणाला.

"तू? मी तुला इतकं सांगितलं..."

"मीच पाजलं. बेंदूर हुता. आलं मनात."

हसणं आणखी वाढलं. हंबीरराव मात्र हसला नाही. त्यानं एकदा आकारामकडं बघितलं, एकदा हौश्यापाशी उभ्या म्हाताऱ्याकडं, आणि तंबाखू मळायला घेतली.

मिस्त्रीनं झाकण काढलं. दात्यांचे तुकडे पडले होते, पेटीला चीर गेली होती. "मेला," तो म्हणाला. "ह्यात आता जीव न्हाय. भंगारवाला बगा."

ऊस हंबीररावानं गाड्यांत बसेल तेवढा नेला. उरलेला तिथंच ढिगानं पडला. ट्रॉली सोडल्यावर रिकामी जीप घरी न्यायला हंबीररावानं हौश्याची जोडी पुढं जुंपली, उताराला आवरायला मागं चार गडी दोर धरून. आबा शेजारून चालत होते. मधेच थांबून श्वास घ्यायचे, मग पुन्हा चालायचे. खिंडीच्या बुडाशी ते आकारामला म्हणाले, "बग, धाकला थकला तर थोरला न्यायला आला. जनावरं माया इसरत न्हाईत."

रात्रीचं जेवण झाल्यावर शेवंताबाई भांडी घासता घासता थांबली. बातमी तिच्यापर्यंत आली होती.

"तुमी का म्हनला, मी पाजलं म्हनून? त्याल तर म्या दिलंतं त्यास्नी."

"गप."

"गाव हसतंय तुमास्नी."

"मला हसू दे. मी चाळिशीचा गडी हाय, हसल्यानं मरत न्हाय." त्यानं आत झोपलेल्या आबांकडं बघितलं. "त्यो मरल."

गाव हसायचं थांबलंच नाही. चावडीवरून जाताना कुणीतरी हटकून विचारायचं, आकाराम, आज आमलेटात कांदा घातलास का? बाजारात अंडी विकणारी चिमणाबाई सुद्धा म्हणायची, गाडीला किती देऊ? आकाराम दात काढायचा आणि पुढं जायचा. फडातला उरलेला ऊस उभ्यानं वाळला, त्याला तुरे आले, शेवटी जनावरांच्या वैरणीला गेला. दोघं नवराबायको दुसऱ्यांच्या फडात मोळ्या वाहायला जायला लागली. चढणीला हंबीररावाच्या गाडीमागं धोंडा घेऊन आता आकाराम चालायचा.

आबा त्या दिवसापासून खाटेला लागले. खांद्याची जखम भरली, पण छातीत जे काही निखळलं होतं ते जागेवर आलं नाही. दोन पावलं टाकली तरी धाप लागायची. फाल्गुनात भंगारवाला आला आणि जीपचे भाग करून घेऊन गेला. आबांना झोप लागली होती तेव्हा नेली. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "हिरव्या कुटं हाय?"

"कोल्हापुरला न्हेलाय, मिस्त्रीकडं. दवापान्याला," शेवंताबाई पटकन बोलून गेली.

"न्हिऊ दे. चांगलं बगतोय त्यो मिस्त्री."

मग ते रोज विचारायचे, आला का? आणि दोघांपैकी जो जवळ असेल तो म्हणायचा, येईल. असं करता करता पावसाळा आला. एक दिवस कंटाळून, किंवा दया येऊन, आकाराम म्हणाला, "आलाय आबा. गोठ्यात हाय." आबांना उठून बघता येणार नव्हतं. ते नुसते भिंतीकडं तोंड करून हसले. त्या भिंतीपलीकडं गोठा होता.

बेंदूर आला तो आबांचा शेवटचा. त्यानंतर आठवडाभरच ते होते. गावातनं घुंगरांचा आवाज यायला लागला तसे त्यांनी डोळे उघडले. हातानं खूण करून आकारामला जवळ बसवलं.

"माजंच चुकलं रं," ते म्हणाले.

आकाराम चपापला. कुणी सांगितलं? चावडीवरचं कुणी येऊन बोललं? इतके महिने तोंड दाबून जे झाकलं ते शेवटी यांच्या कानावर गेलंच तर.

"काय चुकलं, आबा?"

आबांना श्वास पुरत नव्हता. एकेक शब्द ते ओढून आणत होते.

"येकाचंच पाजलं म्या. दोन बैलांचं वजं... येकट्यानं वढायचं हुतं त्यानं. येका बैलाचं पाजलं. उपाशी ऱ्हायला त्यो. म्हनून खिंडीत बसला." त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं ओघळलं. "पाखऱ्या बी असाच बसला. म्या कुनाचं पोट वळखलं न्हाय."

खरं सांगितलं तर म्हातारा मेल्यासारखा होणार होता आणि खोटं बोललं तर हे असं, उपाशी ठेवल्याचा डाग घेऊन जाणार होता. दोन्हीकडनं आबाच खाली सापडत होते. आकारामनं त्यांचा हात हातात घेतला.

"अवंदा दोन बैलांचं पाजू," तो म्हणाला.

"तूच पाज. आदी पोट साफ कर."

"व्हय."

शेवंताबाईनं काही न विचारता तेल दिलं, अंडी दिली, हळद दिली. नळकांडं तिनंच वळचणीतून काढून पुसून ठेवलं होतं. आकाराम गोठ्यात गेला. गोठा रिकामा. मधोमध जमिनीवर मागच्या बेंदराचा तो काळा डाग अजून होता. आकारामनं नळकांडं भरलं, डागाजवळ गुडघे टेकले आणि हळूहळू तिथं ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पिवळं तेल काळ्यावर पसरत गेलं. तो घरात परत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत तेलकट झाले होते. आबांनी ते हात बघितले, हुंगले.

"दोन?"

"दोन."

"घेतलं त्यानं?"

"घेतलं. येक थेंब सांडला न्हाय."

आबांच्या कपाळावरची आठी सैल झाली. त्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटून आकाराम उठणार तोच ते पुन्हा म्हणाले, "त्वांड पुसलंस का त्याचं?"

"न्हाय. ऱ्हायलंच."

"मग जा की. माश्या बसत्याल."

खुंटीला आबांचा पटका होता. तो घेऊन आकाराम पुन्हा गोठ्यात गेला. जिथं जीपचं तोंड असायचं तिथं जाऊन उभा राहिला. बाहेर गावाचे बैल मिरवायला निघाले होते, हलगी वाजत होती. आकारामनं पटका तोंडात कोंबला आणि तो भिंतीला टेकून रडला. पटक्याला अजून करडईच्या तेलाचा वास होता.

भिंतीपलीकडून आबांचा बारीक आवाज आला.

"पुसलंस का रं?"

त्यानं पटका तोंडातून काढला, घसा खाकरला.

"पुसलं, आबा!"